नकाशातले दार आणि मागची खिडकी

दारूच्या दुकानाला मंजूर नकाशा असतो, ही गोष्ट मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हती. सतरा वर्षे मी वॉर्डात सलाईन लावल्या. पोटात पाणी झालेले, रक्ताच्या उलट्या करणारे, डोळे हळदीसारखे पिवळे झालेले माणसे पाहिले. किती पिता, केव्हापासून पिता, हे प्रत्येकाला विचारले. कोणत्या दारातून पिता, हे कधी विचारले नाही.

दोन वर्षांपूर्वी दर्यापुरातल्या एका बस्तीतल्या बाया माझ्याकडे आल्या. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक परवान्याचे दुकान आहे. तक्रार रोजचीच होती: शिव्या, पडलेले माणसे, शाळेतून येणाऱ्या पोरींना लांबून वळसा. आम्ही माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून परवान्याची व मंजूर नकाशाची प्रत मागितली. प्रत आली. नकाशात दुकानाला एकच दार, तेही मोठ्या रस्त्याकडे. मागच्या बाजूला सरळ रेघ, म्हणजे भिंत. एक म्हातारी माय त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "इथं तं खिडकी नाईच हाय. मंग माहा पोरगा रोज कुठून घेते?"

त्या रेघेवर किती अवलंबून असते, ते आता सांगते. आपल्या राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवाने दिले जातात. परवाना माणसाला मिळतो, पण तो एका ठरावीक जागेपुरता असतो आणि त्या जागेच्या सीमा कागदावर लिहिलेल्या असतात. विक्री त्या सीमेच्या आतच व्हायला पाहिजे. विदेशी मद्याच्या दुकानाला आणि परमिट रूमला शाळा, धार्मिक स्थळ, एस. टी. स्टँड यांपासून 75 मीटरची अट आहे. देशीचे नियम वेगळे आहेत, पण तिथेही अंतर आहेच. आता हे अंतर मोजतात कसे? दुकानाच्या प्रवेशद्वाराच्या मध्यापासून, माणूस पायी ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने, शाळेच्या किंवा विहाराच्या फाटकाच्या मध्यापर्यंत. कावळ्याच्या उडण्याने नाही, पायाने. म्हणून दार नकाशात कुठे दाखवले, यावर सगळे ठरते. दार रस्त्याकडे दाखवले की वाट लांबते. गल्लीकडची खिडकी दाखवलीच नाही, तर ती मोजायचा प्रश्नच येत नाही.

हसू येईल अशी गोष्ट 2017 साली केरळात झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये आदेश दिला होता की राष्ट्रीय व राज्य महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या उत्तर परवूरच्या एका बारने दुकान हलवले नाही. मोकळ्या जागेत भिंतींचा भुलभुलैया बांधला. गिऱ्हाईक वळसे घेत घेत जाईल आणि चालण्याचे अंतर भरेल! दारू पिऊन तो माणूस बाहेर कसा आला असेल, हा विचार माझ्यातल्या नर्सला आल्यावाचून राहिला नाही. पुढे जुलै 2017 मध्ये न्यायालयानेच स्पष्ट केले की नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना तो आदेश आड येत नाही. दर्यापूर नगरपालिकेचे गाव आहे. म्हणून आपल्या हाती ते 500 मीटर नाहीत, 75 आहेत. तेवढे तरी नीट मोजून घेतले पाहिजेत.

आणि इथेच आपल्या बस्त्यांचे नुकसान होते. नियमात धार्मिक स्थळ म्हणजे काय, ते लिहिले आहे: सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या मालकीचे किंवा व्यवस्थापनाखालचे स्थळ. आपली किती विहारे नोंदलेली आहेत? वर्गणीतून विटा आणल्या, रविवारी सगळ्यांनी घमेली उचलली, तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला, वंदना सुरू झाली. कागद कोणी केला नाही. मग मोजणीला आलेला माणूस विहारासमोरून जातो आणि त्याच्या वहीत विहार नसते. जिथे लेकरे पाचवे शील म्हणतात, ते ठिकाण दारूच्या नकाशात कोरी जागा असते.

मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर झाले की गृहनिर्माण सोसायटीच्या इमारतीत नवे दारूचे दुकान काढायला सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगलेच झाले. पण बस्तीला सोसायटी कुठली? फ्लॅटवाल्याची हरकत कागदावर येते, झोपडीवाल्याची नाही. हा भेद मला खटकतो, आणि आरोग्याच्या पानावर तो मांडायला मला संकोच नाही.

कारण 75 मीटर हे औषधासारखेच काम करते. ज्याने दारू सोडली आहे त्याच्यासाठी पहिले काही महिने दुकानासमोरून न जाणे हाच अर्धा इलाज आहे. टीबीच्या गोळ्या सहा महिने घेणाऱ्या माणसाने दारू घेतली तर यकृतावर दुहेरी मार बसतो. असे पेशंट मी गोळ्या अर्ध्यात सोडताना पाहिले, आणि नंतर त्यांच्या घरची लेकरे खोकताना पाहिली. एक गोष्ट बायांनी लक्षात ठेवावी: रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम दारू बंद करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, झटके येतात, माणूस भलतेसलते बोलतो आणि यात जीवही जातो. त्याला दवाखान्यात नेऊनच सोडवा.

दुकानच बंद करायचा रस्ताही आहे. 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांसह मागणी केली, तर सह्या पडताळून गुप्त मतदान घेतात. पण निम्म्याहून जास्त मते लागतात ती यादीतल्या एकूण मतदारांची, आलेल्यांची नव्हे. वीटभट्टीवर किंवा पुण्याला गेलेली प्रत्येक बाई आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते. म्हणून आधी नकाशा पाहा, असे माझे मत आहे. त्याला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. प्रत हाती आली की मोजपट्टी घेऊन पाच जणींनी जा, दुपारी, दोघींनी फोटो काढा. भांडू नका. दार, खिडकी, बसायची जागा, चकण्याची गाडी कुठे लागते, सगळे नकाशाशी ताडून लेखी द्या.

आमच्या त्या दुकानाची तपासणी झाली, तेव्हा खिडकीला आतून फळी ठोकलेली होती. पंचनाम्यात "खिडकी बंद" एवढेच आले. महिनाभर ती खरोखर बंद राहिली, नंतर फळीच्या फटीतून हात येऊ लागला. आम्ही पुन्हा अर्ज केला आहे, या वेळी तारीखवार फोटोंसह. विहाराच्या नोंदणीचे कागदही जमवत आहोत. जागा नझुलाची आहे म्हणून काही जण बिचकतात. पण नियमात "व्यवस्थापनाखालचे" हा शब्द आहे, तेवढ्यावर वकिलांशी बोलणे चालू आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर विश्वस्तांची नावे ठरवायची आहेत, आणि त्यात निम्म्या तरी बाया असाव्यात असा माझा हट्ट आहे.