मॉलमधल्या थिएटरसाठी मला रडू येत नाही

‘ओटीटीनं थिएटर मारलं’ असं म्हणायची सध्या फॅशन आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. मोबाईल ॲप्सवरच माझं पोट चालतं, म्हणजे या खटल्यात मी आरोपीच्या बाजूचा. तरी ऐका. मॉलमधलं थिएटर मोबाईलनं मारलेलं नाही. ज्यांनी ते बांधलं, त्यांनी आपल्या दारात कोण येऊ नये हे आधी ठरवलं, आणि मग कुणी येईना म्हणून गळा काढला.

मी बिलोलीचा. नांदेडला एसटीनं दोन तास. २०१५ला इंजिनिअरिंगसाठी नांदेडला गेलो आणि पहिल्यांदा मॉलमध्ये पिक्चर पाहिला. सरकत्या जिन्यासमोर मी आणि माझा रूममेट दोन मिनिटं नुसते उभे होतो, पहिलं पाऊल कुणी टाकायचं म्हणून. वर गेलो, एसीचा गार झोत अंगावर आला आणि वाटलं, आपणही आता शहरातले झालो. तिकिटासाठी मेसच्या डब्याचे पैसे वाचवायचो. खोटं कशाला बोलू, मला ते थिएटर फार आवडायचं.

२०१९ला नोकरी लागली. पहिल्या पगारात आईवडिलांना पुण्यात आणलं आणि एका मल्टिप्लेक्सला नेलं. दारावर मायची पिशवी उघडली गेली. आत स्टीलचा डबा, त्यात शेंगदाण्याचे लाडू. ‘आत नेता येणार नाही.’ डबा काउंटरवर ठेवावा लागला. मध्यंतरात मी पॉपकॉर्नचे दर वाचत होतो, तर माय म्हणाली, “एवढ्या पैशात आठवड्याचा बाजार व्हतंय की रे.” पण तिचं लक्ष दरांवरही नव्हतं आणि पिक्चरवरही. डबा परत मिळेल का, हाच घोर तिला तीन तास लागला होता. डबा मिळाला. त्यानंतर माय थिएटरात आलेली नाही.

त्या गार्डवर माझा राग नाही. ३ जानेवारी २०२३ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की बाहेरचे पदार्थ अडवायचा हक्क थिएटरमालकाला आहे, फक्त प्यायचं पाणी फुकट द्यावं लागेल. हक्क आहे, मान्य. पण तो एवढा जीव तोडून का वापरावा लागतो, ते बघा. २००९च्या संपानंतर निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात जो करार झाला, त्यानुसार पहिल्या आठवड्यात तिकिटाच्या निव्वळ उत्पन्नातले ५० टक्के निर्मात्याच्या बाजूला जातात. उरलेल्यातून मॉलचं भाडं, वीज, पगार. पॉपकॉर्नमध्ये मात्र निर्मात्याचा वाटा नाही. म्हणजे धंदा पॉपकॉर्नचा, पिक्चर हे गिऱ्हाईक आत आणायचं निमित्त. अशा दुकानात लाडवाचा डबा घेऊन येणारी बाई म्हणजे तोटाच.

आणि हे दुकान तुमच्या-माझ्या पैशावर उभं राहिलं. २००१च्या धोरणानुसार महाराष्ट्र सरकारनं मल्टिप्लेक्सना पहिली ३ वर्षं करमणूक कर पूर्ण माफ केला, पुढची २ वर्षं फक्त २५ टक्के लावला. बदल्यात मराठी सिनेमे दाखवायची अट होती. त्या अटीची आठवण करून द्यायला २०१५ला मंत्र्यांना प्राइम टाइमची घोषणा करावी लागली, यातच सगळं आलं. तिकीट किती असावं, याची अट मात्र कुणी घातली नाही.

थिएटर सहसा सगळ्यात वरच्या मजल्यावर असतं, हेही उगाच नाही. वर जाताना माणसानं चार दुकानं बघावीत म्हणून. थिएटरनं मॉल जगवायचा आणि मॉलनं थिएटर. मग २०२२ला बिग बझार बंद पडली, मॉलचे मजले ओस पडले, आणि वरचा माळा एकटा राहिला. मे २०२३ला पीव्हीआर आयनॉक्सनं तोट्यातले ५० स्क्रीन बंद करणार असं जाहीर केलं. कारणांत त्यांनीच सांगितलं की ते ज्या मॉलमध्ये आहेत, त्यांचं आयुष्य संपत आलंय. याच पीव्हीआरनं कधीकाळी लहान शहरांसाठी ‘पीव्हीआर टॉकीज’ नावाचा स्वस्तातला ब्रँड काढला होता, आमच्या शेजारच्या लातुरात. आज ते नावही उरलेलं नाही.

“पण लोकच येत नाहीत!” येतात. २३ सप्टेंबर २०२२ला राष्ट्रीय सिनेमा दिनी तिकीट ७५ रुपये केलं, तर मल्टिप्लेक्सवाल्यांच्याच संघटनेच्या आकड्यानुसार देशभरात ६५ लाख लोक आले. आमच्या कामात याला टेस्ट म्हणतात. टेस्ट पास झाली की बदल प्रॉडक्शनला जातो. यांनी दुसऱ्या दिवशी जुनाच कोड परत चढवला. रोज ७५ परवडत नाही, हे मला कळतं. पण ७५ आणि ३०० यांच्यामध्येही आकडे असतात.

२०१६ला ‘सैराट’साठी साताऱ्याच्या रहिमतपुरात रात्री बाराचे आणि पहाटे तीनचे शो लावावे लागले होते. ५० स्क्रीन बंद करायची घोषणा झाल्यावर दोन महिन्यांच्या आत ‘बाईपण भारी देवा’ला बायकांचे घोळके रिक्षा करून थिएटरात गेले. त्यांच्या हातात मोबाईल नव्हते काय?

बिलोलीहून येसगीचा पूल ओलांडला की तेलंगणा. तिथल्या सरकारनं डिसेंबर २०२१ला मल्टिप्लेक्सच्या साध्या खुर्चीला जीएसटी सोडून २५० रुपयांची मर्यादा घातली. मोठ्या सिनेमांना वाढ देतात, पण निदान मागावी तरी लागते. मांजरेच्या अलीकडं ती मागायचीही गरज नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मॉलमधलं थिएटर वाचवा म्हणून कुणी सरकारकडं सवलत मागायला गेलं, तर आपण विचारायचं: कुणासाठी? द्यायचीच असेल तर तालुक्याच्या गावात, तळमजल्यावर, दीडशे-दोनशे खुर्च्यांच्या थिएटरला द्या आणि तिकीट शंभराच्या आत ठेवायची अट घाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, वरच्याला १८. म्हणजे वाट अर्धी तयार आहे.

माय आता पिक्चर फोनवर बघते, स्वयंपाकघरात, फोन तेलाच्या बरणीला टेकवून. एकटीच हसते. शेजारी लाडवाचा डबा उघडा असतो. मागच्या दिवाळीत मी म्हणालो, चल थिएटरला जाऊ. तिनं एवढंच विचारलं, “डबा नेऊ देतेत का?”