इंद्रवेल्लीचा स्तंभ

आमच्या हैदराबादेतल्या जुन्या मराठी घरांना आदिलाबाद परका नाही. निर्मळची लाकडी खेळणी बहुतेकांच्या फडताळात असतात, केसलापूरच्या नागोबाची जत्रा निदान ऐकून तरी माहीत असते. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते, त्यामुळे कुणाचे आजोळ, कुणाची वतनी जमीन त्या बाजूला निघतेच. पण त्याच केसलापूरच्या शेजारी, इंद्रवेल्लीजवळ हिरापूरच्या शिवारात एक स्तंभ उभा आहे, आणि त्याविषयी आपल्या घरांतून कधी बोलणे निघत नाही. ते निघावे, असे मला वाटते.

२० एप्रिल १९८१ हा दिवस सोमवारचा, म्हणजे इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा होता. गिरिजन रयतु कुली संघाने त्या दिवशी गोंडांची सभा बोलावली होती. गाऱ्हाणे जुनेच होते : बिगरआदिवासींच्या हाती गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात, आणि कसत असलेल्या जमिनींचे पट्टे नावावर व्हावेत. सभेची परवानगी ऐनवेळी नाकारण्यात आली. डोंगरातल्या गुड्यांवरून पायी निघालेल्या माणसांना ही वार्ता कशी कळावी? काही सभेला आले होते, काही मीठमिरची घ्यायला. पोलिसांनी गोळीबार केला. एका पोलीस शिपायाचाही त्या दिवशी जीव गेला, हेही सांगितले पाहिजे. सरकारी हिशेबाने १३ आदिवासी मेले. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी हा आकडा ६० च्या घरात सांगितला, आणि गोंडांच्या तोंडी तो याहूनही मोठा आहे.

या मृतांसाठी उभारलेला पहिला स्तंभ १९८६ साली उद्ध्वस्त करण्यात आला. पुढच्याच वर्षी सरकारने तो पुन्हा बांधून दिला. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर सरकारचे कौतुक करून मी थांबलो असतो. परंतु त्यानंतर कित्येक वर्षे २० एप्रिल उजाडला की इंद्रवेल्लीत १४४ कलम लागे, रस्त्यांवर पोलीस बसत आणि फुले घेऊन आलेल्या गोंडांना स्तंभापासून दूर ठेवले जाई. दगड सरकारने द्यायचा आणि त्या दगडापाशी रडायला मात्र मनाई, असा हा कारभार! तेलंगण राज्य झाल्यानंतर हा बंदोबस्त हळूहळू सैल झाला. २ फेब्रुवारी २०२४ रोजी मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी स्तंभाला अभिवादन केले आणि तेथे होणाऱ्या स्मृतिवनाचा पाया घातला.

एप्रिलच्या याच आठवड्यात, चार दिवसांनी, जगभरचे आर्मेनियन लोक आपल्या मृतांचा दिवस पाळतात. २४ एप्रिल १९१५ रोजी इस्तंबूलमधल्या आर्मेनियन पुढाऱ्यांची आणि लेखकांची धरपकड झाली, आणि पुढे तुर्की साम्राज्यातल्या या समाजाची लाखांनी कत्तल झाली. आर्मेनियन हे नावही आपल्याला अगदी अनोळखी नाही. आपल्याच शहरात उप्पुगुड्याला त्या व्यापाऱ्यांची सतराव्या शतकातली थडगी आहेत. तिथल्या लाखांची आणि इथल्या मृतांची बरोबरी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मला बोलायचे आहे ते स्मारकांविषयी.

येरेवान शहरात १९६५ साली, त्या संहाराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, सोव्हिएत अंमल असतानाही लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, आणि १९६७ साली तिथल्या टेकडीवर स्मारक पुरे झाले. बारा प्रचंड शिळा आतल्या बाजूला झुकलेल्या आणि मध्ये अखंड ज्योत. दर २४ एप्रिलला त्या ज्योतीभोवती फुलांचा ढीग माणसाच्या छातीपर्यंत येतो. फ्रान्समध्ये, अमेरिकेत, लेबानॉनमध्ये अशी स्मारके आहेत. १९७३ साली मार्सेयला असे स्मारक झाले म्हणून तुर्कस्तानने फ्रान्समधला आपला राजदूत परत बोलावला होता! सीरियाच्या वाळवंटात देर-एझ-झोर येथे, जिकडे लाखो माणसे हाकत नेली होती, तिथले स्मारक-चर्च २०१४ साली सुरुंगाने उडवले गेले. आणि ज्या भूमीवर हा संहार सुरू झाला त्या इस्तंबूलमध्ये १९१९ साली आर्मेनियनांनी आपल्या दफनभूमीत उभारलेले स्मारक चार वर्षेही टिकले नाही.

दुसऱ्याच्या राज्यात मेलेल्यांना दगड उभारून देणे सोपे असते, हे यावरून दिसते. आपल्याकडेही तेच आहे. कुमरम भीम १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्याची पुण्यतिथी गोंड आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला पाळतात. आज त्याचा पुतळा हुसेनसागराच्या बांधावर आहे, जोडेघाटला संग्रहालय आहे, जिल्ह्याला त्याचे नाव आहे. मंत्री तिथे हौसेने जातात. हे सारे योग्यच. पण निजाम गेला, त्याच्याविरुद्ध मेलेल्याचा गौरव करायला आता कुणाचे काय जाते? इंद्रवेल्लीत गोळी स्वतंत्र भारतातल्या, लोकांनी निवडलेल्या सरकारच्या पोलिसांनी झाडली. म्हणून तिथला स्तंभ इतकी वर्षे अडचणीचा झाला.

अडचण केवळ सरकारचीच आहे असेही नाही. गोंडांच्या जमिनी गेल्या कशा, याचा हिशेब काढायला बसलो तर त्यात आपले पटवारी, देशमुख, सावकार आणि नंतर वर आलेले मराठी शेतकरी हे सारे निघतात. तेलुगू आणि लमाणी वसाहतवाले निघतात तसेच. फ्यूरर-हायमेनडोर्फ यांनी निजामी काळातच या भागात फिरून हे लिहून ठेवले आहे. कागद ज्याला वाचता येई त्याच्या नावावर शेत लागले, आणि जो पिढ्यानपिढ्या ते कसत होता तो कूळ झाला. १९८१ साली बाजारात आलेली माणसे हेच सांगायला आली होती. तेव्हा हा स्तंभ आपल्याकडेही तोंड करून उभा आहे. एखाद्याला हे बोलणे रुचणार नाही. त्याने घरातले जुने सातबारे आणि पहाणीपत्रके एकदा उलगडून पाहावीत.

स्मृतिवन होईल, बाग होईल, कारंजेही होईल. सरकारी स्मारकांना कारंज्याची फार हौस! मला मात्र तिथे एक गोष्ट आधी व्हावी असे वाटते. १३ की ६० की त्याहून अधिक, हा वाद मिटवण्याचा प्रामाणिक प्रयत्न व्हावा. गुड्यागुड्यांतून विचारावे, त्या दिवशी बाजाराला गेलेला कोण घरी परतला नाही. पंचेचाळीस वर्षे होत आली. ज्यांना सांगता येईल अशी म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आणि जी नावे मिळतील ती दगडावर कोरावीत. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाळा गावी गोंडी भाषेची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते निघाली आहेत. वर त्या लिपीत नाव असावे, खाली तेलुगूत, आणि किनवट-राजुऱ्याकडून जत्रेला येणाऱ्या गोंडांना व आपल्याला वाचता यावे म्हणून तिसरी ओळ मराठीत.