स्प्रिंगा घालून मोकळा हो म्हणे!

गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आता पाठ झालंय. "अरे, ते एअर सस्पेन्शन काढून टाक, साध्या कॉइल स्प्रिंगा घाल आणि मोकळा हो." ऑफिसातला मित्र, सोसायटीतले काका, गॅरेजवाला, सख्खा मेहुणा (याच्याकडे स्वतःची गाडी नाही)... सगळ्यांचा सूर एकच. जणू मी दुखरी दाढ घेऊन हिंडतोय आणि उपटून घ्यायला घाबरतोय.

तर मंडळी, मी दाढ उपटणार नाहीये. का, ते सांगतो.

गाडी जुनी आहे, सेकंडहँड घेतलेली, मोठी एसयूव्ही. नाव सांगत नाही, कारण हे दुखणं एका कंपनीचं नाही. चारही चाकांवर पोलादी स्प्रिंगऐवजी रबराच्या पिशव्या, त्यात हवा भरणारा छोटा कॉम्प्रेसर, कुठल्या कोपऱ्यात किती हवा जाईल ते ठरवणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, चाकांजवळ उंची मोजणारे सेन्सर आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा ईसीयू. एका शनिवारी सकाळी वॉचमनने बेल वाजवली. "साहेब, तुमची गाडी गुडघ्यावर बसलीय." खाली जाऊन बघतो तर खरंच, पुढचा डावा कोपरा जमिनीला टेकायच्या बेतात.

सर्व्हिस सेंटरने चार लाख साठ हजारांचा आकडा दिला. चारही पिशव्या आणि कॉम्प्रेसर. गळती नेमकी कुठे आहे असं विचारलं तर म्हणे, "सर, सेट बदललेला बरा." म्हणजे गळती कुणी शोधलीच नव्हती! मग ओळखीच्या गॅरेजात गेलो. तिथे एक लाख चाळीस हजारांत चारही स्प्रिंगा, एका दिवसात. वर आश्वासन : "डॅशबोर्डवरचा दिवा लागणार नाही, त्याची सोय करून देतो."

या 'सोयी'वर माझं डोकं फिरलं. सोय कसली, तर एक छोटंसं मॉड्यूल, जे ईसीयूला सांगत राहतं की कॉम्प्रेसर ठीक, दाब ठीक, उंची ठीक, सगळं छान चाललंय. आमच्या धंद्यात याला रिकामा कॅच ब्लॉक म्हणतात. एरर आली, गिळली, पुढे चला. असा कोड कुणी रिव्ह्यूला पाठवला तर आपण त्याची भर मीटिंगमध्ये सालं काढतो. आणि तोच माणूस शनिवारी दोन टनांची गाडी ताशी शंभरने हाकणार, तिच्यात तीच युक्ती बसवून. आता बोला! बऱ्याच गाड्यांत याच उंचीच्या सेन्सरवरून हेडलाइटचा कोनही ठरतो. त्यांना खोटं शिकवलं की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो, आणि त्याचं बिल आपल्याला येत नाही.

विमा कंपनीला हा बदल कळवायचा का, असं विचारलं. उत्तर आलं, "नका कळवू, उगाच प्रश्न विचारतात." मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत. आरसीवर स्प्रिंगचा रकाना नसतो हे मान्य, तेव्हा यावर वाद घालता येईल. पण जी दुरुस्ती विमा कंपनीपासून लपवावी लागते ती मला नको.

आता स्प्रिंगवाल्यांचा मुख्य मुद्दा : "काय फरक पडतो रे? स्प्रिंग ती स्प्रिंग." पडतो. थोडं गणित करू, घाबरू नका. समजा मागच्या एका चाकावर ५०० किलो भार आहे आणि चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला ३० न्यूटन. गाडी सेकंदाला साधारण सव्वा वेळा झुलेल, म्हणजे झकास. आता मागे तीन माणसं आणि डिकीत कोकणातून आणलेल्या आंब्याच्या पेट्या बसवा. त्या चाकावर आणखी १५० किलो आले. स्प्रिंग जवळजवळ पाच सेंटीमीटर दबणार, गाडीचं बूड खाली, नाक वर, आणि झुलणं मंदावून बोटीसारखं होणार. हे टाळायला कडक स्प्रिंग घातली तर एकट्याने ऑफिसला जाताना प्रत्येक स्पीडब्रेकर थेट मणक्यात. साध्या स्प्रिंगला एकच कडकपणा निवडावा लागतो. हवेच्या पिशवीत भार वाढला की आणखी हवा भरली जाते, दाब वाढतो आणि दाबाबरोबर कडकपणाही वाढतो. उंची तीच, झुलण्याचा वेगही जवळपास तोच.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत असं वाटत असेल तर लोकलने जा. मुंबईत २००७ पासून सीमेन्सच्या यंत्रणेच्या ज्या लोकल आल्या त्यांच्या डब्यांखाली एअर स्प्रिंग आहेत. दुपारचा रिकामा डबा आणि संध्याकाळी सहाचा डबा यांच्या वजनात किती फरक असतो ते दारात लटकलेल्याला विचारा. मुंबई-पुणे शिवनेरीच्या व्होल्वो बसही हवेवरच चालत आल्या. बोरघाट चढून-उतरून लाखो किलोमीटर. "ती काढा आणि पाटे घाला, मोकळे व्हा" असं एसटीच्या कुठल्या फोरमनने म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. कारण तिथे रबराची पिशवी ही टायरसारखीच झिजणारी वस्तू मानतात. तपासायची, वेळ झाली की बदलायची. आपण टायर फाटला म्हणून गाडीला बैलगाडीची चाकं लावत नाही ना?

स्प्रिंगवाल्यांच्या बाजूने इतिहास आहे, तोही सांगतो, नाहीतर म्हणाल लबाडी करतोय. कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोराडो ब्रॉअमला एअर सस्पेन्शन दिलं. त्या काळातली सील आणि व्हॉल्व्ह त्या कामाला पुरी पडली नाहीत, गाड्या गळू लागल्या, आणि अनेक मालकांनी वैतागून कॉइल स्प्रिंगा बसवून घेतल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या गाड्या १९५७ च्या नाहीत, आणि 'वैतागून' हे काही निदान नव्हे.

निदानाला मला खर्च आला शून्य रुपये. रात्री टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली, वहीत लिहिली. सकाळी परत मोजली. तीन कोपरे एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे, पुढचा डावा ५५ मिलिमीटर खाली. म्हणजे चार नव्हे, एक. मग साबणाचं पाणी फवारलं (चाक काढायचं असेल तर आधी जॅकस्टँड. हवेवर उभ्या गाडीखाली हात घालू नका, ती कधीही बसते). पिशवी जिथे दुमडते तिथल्या रबराला चिरा पडलेल्या आणि त्यातून बुडबुडे. कॉम्प्रेसरही दमलेला होता, पण त्याचा दोष नव्हता. गळती भरून काढायला बिचारा रात्रंदिवस धावत होता. तापून तापून त्याची पिस्टन रिंग झिजली, रिलेचे कॉन्टॅक्ट जळाले. लोक आधी नवा कॉम्प्रेसर घालतात, गळती तशीच ठेवतात, वर्षभरात तोही जाळतात आणि मग म्हणतात एअर सस्पेन्शन बेकार. मेमरी लीक शोधायच्या ऐवजी रॅम वाढवण्याचा प्रकार.

डाव्या बाजूची पिशवी शॉकसकट, पर्यायी कंपनीची, ४२ हजार. रिंग आणि रिले ५ हजार. मजुरी ६ हजार. एकूण ५३. जोडीने बदलावी असं सांगणारे भेटले, त्यांचं म्हणणं चूक नाही. उजवी अजून शाबूत आहे, तिची तजवीज पुढच्या वर्षी. रबर आहे, जाणारच.

एका मित्राला मात्र मी स्वतः स्प्रिंगा घालायला सांगितल्या. त्याच्या सेडानच्या चारही पिशव्या गेल्यात, व्हॉल्व्ह ब्लॉक गेलाय, आणि गाडीची बाजारातली किंमत दुरुस्तीपेक्षा कमी. तीच गाडी कंपनी स्प्रिंगांवरही विकत होती, तेव्हा त्या मॉडेलचे मूळ स्प्रिंग-शॉक मिळतात आणि ईसीयूला सरळ खरं सांगता येतं की बाबा, आता हवा नाही. दिवा फसवायची गरज नाही. विकताना गिऱ्हाइकाला सांगायचं, इतकंच. त्याने घातल्या, सुखात आहे.

माझ्याकडे आणखी एक कारण होतं, ते मी गॅरेजात बोललो नाही. बाबा. वय ७६, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. गाडी उभी केली की एक बटण दाबलं की ती खाली बसते, पाच-सहा सेंटीमीटर. ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्यात बाबा दाराला धरून, आधी पाठ टेकवून, मग पाय आत घेऊन स्वतःचे स्वतः बसतात. गाडी बंद होती त्या काळात एकदा मेहुण्याच्या मित्राच्या उंच गाडीतून लग्नाला गेलो. दोघांनी बाबांना काखेत धरून वर चढवलं. मंगल कार्यालयाच्या दारात, सगळ्यांसमोर. बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात पर्वतीला भाचीच्या घरी जायचं होतं, तर म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मला जरा कंटाळा आलाय." कंटाळा कसला ते मला कळलं.

स्प्रिंगांच्या किटसोबत येणारी उंची एकच आणि कायमची. एक लाख चाळीस हजारांच्या कोटेशनमध्ये हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

काम झालं त्या रविवारी बटण दाबलं, कॉम्प्रेसर एकदाच गुरगुरला, गाडी बसली. मी सवयीने हात पुढे केला. "मला धरू नकोस," बाबा म्हणाले, आणि बसले. वहीत मी अजून दर शनिवारी चार आकडे लिहितोय. काल मागचा उजवा तीन मिलिमीटर खाली होता. साबणाचं पाणी करून ठेवलंय.