पिवडी की बदामी?



दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वर्गाला रंग द्यायचा आहे. चुना आला आहे. पालक श्रमदानाला येणार आहेत. वाद एकच उरला आहे. चुन्यात नुसती पिवडी घालायची, की तिच्यात थोडा गेरू मिसळून बदामी रंग करायचा?

हे दोन्ही रंग सख्ख्या बहिणींसारखे आहेत. पिवडी पिवळी आणि गेरू लाल, पण दोघांचाही रंग लोखंडामुळे येतो. पिवडी भट्टीत खूप तापवली की तिच्यातले पाणी जाते आणि ती लाल होते.

मोठी माणसे म्हणतात, "बदामीच बरा, मळ दिसत नाही." आधी मलाही तसेच वाटत होते. आमच्या ओसरीला तोच रंग आहे आणि तो छान दिसतो.

पण ओसरी मोकळी असते. आपल्या वर्गाला उत्तरेकडे एकच खिडकी आहे. पावसाळ्यात आभाळ भरून आले आणि वीज गेली, की मागच्या रांगेतल्या मुलांना फळा दिसत नाही. विचारलं तर "लक्ष कुठंय तुझं?" असं ऐकावं लागतं. म्हणून ती गप्प बसतात. मग सगळे म्हणतात, ही मुले अभ्यासात मागे आहेत!

आम्ही दोन्ही रंगांचे हातभर पट्टे दाराजवळ आणि मागच्या कोपऱ्यात ओढले. चुन्याचा रंग ओला असताना खरा कळत नाही, वाळल्यावर उजळतो. म्हणून दोन दिवस थांबलो. दाराजवळ फरक कळेना. मागच्या कोपऱ्यात मात्र संध्याकाळी बदामी पट्टा मातकट दिसला आणि पिवडीचा उजळ. फिकट रंग उजेड जास्त परत फेकतो, हे पुस्तकात वाचले होते. ते आता डोळ्यांनी पाहिले.

म्हणून माझे मत पिवडीला आहे, आणि तीही थोडीच घालावी. मळ दिसेल? दिसू द्या! चुन्यात डिंकाचे पाणी घातले तर रंग अंगाला कमी लागतो. पुढच्या वर्षी आपण सगळे मिळून पुन्हा एक हात देऊ. मळ झाकण्यापेक्षा फळा दिसणे महत्त्वाचे.

तुम्हांला काय वाटते? चिठ्ठीवर लिहून द्या. पण त्याआधी एकदा मागच्या रांगेत बसून बघा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी