दुधाला दोष कशाला?



हिंगणघाटजवळच्या एका गावात गटाची बैठक होती. तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या एकीने विचारलं, "ताई, अंगावरच्या दुधात फवाऱ्याचं औषध उतरते म्हणतात. पाजू की नाही?" (विषाला 'औषध' म्हणायची आपली रीत!) सातव्या महिन्यापर्यंत ती पऱ्हाटीत फवाऱ्यासाठी पाणी वाहत होती.

मी म्हटलं, पाज. डीडीटीसारखी विषं चरबीत वर्षानुवर्षं साठतात आणि दुधातून बाळाकडे जातात, हे खरंच आहे. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ साली बंद झाला, एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं. क्लोरपायरीफॉस तसं साठून राहत नाही, पण वारेतून गर्भापर्यंत पोचतं. दूध तोडून ते नऊ महिने परत येत नाहीत. आणि डब्यातली पावडर कालवायची कशात? शेताकडेच्या त्याच विहिरीच्या पाण्यात. जागतिक आरोग्य संघटनाही पहिले सहा महिने निव्वळ आईचंच दूध द्या, असं सांगते.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंची निदान मोजदाद तरी झाली. फवारलेल्या शेतात दुसऱ्याच दिवशी निंदायला बसणाऱ्या गर्भार बाईच्या पोटातलं मूल कोणत्या रकान्यात लिहायचं? सल्ला मात्र सगळे तिलाच देतात. विष बनवणाऱ्याला नि विकणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

निघताना तिने आणखी विचारलं, "फवारणीच्या दिवसात घरी राहिली, तर रोज कोण देईल?" येत्या ग्रामसभेत आम्ही हाच प्रश्न मांडणार आहोत.