रुसणारे दिवे

गेल्या आषाढांतील गोष्ट. पहाटे चारच्या सुमारास आमच्या मातोश्री नित्याप्रमाणें उठून माजघरांतून न्हाणीघराकडे निघाल्या. वाटेंतील बोळांत पाऊल पडतांच तेथील दिवा आपोआप लागावयाचा, तो त्या दिवशीं लागला नाहीं. बटणाकडे हात जाण्यापूर्वींच उंबरठ्याची ठेंच लागून त्या पडल्या व उजवें मनगट मोडलें. वयाच्या एक्याऐंशींव्या वर्षीं सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें! घरांतील दिवे ‘स्मार्ट’ करण्याचा आग्रह सर्वस्वीं आमचा होता; तेव्हां ते कां रुसतात याचा शोध घेण्याचें कामही आमच्याच वांट्यास आलें हें न्याय्यच झालें. त्या शोधांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा दिवा म्हणजे नुसता दिवा नव्हे. त्याच्या बुडांत बिनतारी निरोप घेणारें एक चिमुकलें यंत्र असतें, आणि तें घरांतील वाय-फायच्या जाळ्याशीं सदोदित जोडलेलें असावें लागतें. जोड तुटली कीं दिवा बहिरा झाला. आमच्या बोळांत तर पावलाची चाहूल घेणारें यंत्र वेगळें, दिवा वेगळा, आणि एकाचा निरोप दुसऱ्यास पोंचावयाचा तो जाळ्यांतूनच. जुन्या जाड भिंतींच्या घरांत एका राउटरचा आवाका पुरत नाहीं, म्हणून दोन-तीन डबे ठिकठिकाणीं ठेवून मिळून एकच जाळें विणतात. त्यालाच मेश म्हणतात. आमच्याकडे ओटीवर एक, जिन्यापाशीं दुसरा आणि माडीवर तिसरा असे तीन डबे व एकंदर अकरा दिवे आहेत.

आरंभीं आम्ही जें सर्वजण करतात तेंच केलें. रुसलेला दिवा मूळ स्थितीस आणावयाचा, नव्यानें जोडावयाचा, आणि दोन दिवसांनीं पुन्हां तेंच. या समजूत घालण्यांत तीन आठवडे गेले. शेवटीं वहिनींनीं एक वही घालून दिली: कोणता दिवा, कोणत्या दिवशीं, आणि त्यापूर्वीं घरांत काय घडलें होतें. यंत्रांतलें आम्हांस कळतें व त्यांस कळत नाहीं, असा आमचा समज होता. पण उलगडा झाला तो त्या वहीनें.

पहिला अपराधी निघाला भिंतीवरचा खटका. निजण्यापूर्वीं घरभर फिरून बटणें बंद केल्यावांचून वहिनींस झोंप यावयाची नाहीं, आणि बटण बंद झालें कीं दिव्यांतील यंत्रही झोंपलें. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. सारा जन्म वीज वांचविण्यांत गेलेला. मात्र हिशेब असा कीं नुसता जागा असलेला दिवा अर्धा वॅट खातो असें धरलें, तरी वर्षाचे साडेचार युनिटही होत नाहींत. तो ऐकल्यावर त्यांनीं बटणांवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. याशिवाय पुष्कळ दिव्यांत अशी योजना असते कीं बटण भराभर तीन किंवा पांच वेळां चालू-बंद केलें म्हणजे दिवा जुनी सर्व ओळख विसरतो व नवी जोड मागत लुकलुकूं लागतो. धाकट्या नातवाचा खेळ, किंवा पावसाळ्यांत विजेची लागोपाठ ये-जा, दोहोंचा परिणाम सारखाच!

दुसरें कारण अधिक खोल होतें, आणि मातोश्रींच्या पडण्याचा संबंध आमच्या मतें त्याच्याशींच होता. आदल्या संध्याकाळीं तासभर वीज गेली होती. वीज येतांच दिवे क्षणांत जागे होतात. डब्यांस मात्र उभें राहावयास दोन-तीन मिनिटें लागतात, व तिन्ही एकदम उभे राहत नाहींत. दिवा अधीर होऊन जो डबा प्रथम सांपडेल त्याचा पदर धरतो. बोळांतला दिवा असाच जिन्यापाशीं असलेला जवळचा डबा सोडून माडीवरच्या डब्यास चिकटला. मोबाईल चालतां चालतां डबा बदलतो. स्वस्त दिव्यांतील यंत्रास तेवढें शहाणपण नसतें, एकदां धरलेला दुबळा धागा तें तुटेपर्यंत सोडीत नाहीं. तो रात्रीं केव्हां तरी तुटला असावा. यावर उपाय अगदीं सोपा निघाला. तिन्ही डबे आम्ही इन्व्हर्टरवर घेतले, म्हणजे वीज गेली तरी जाळें जात नाहीं. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाहीं त्यांनीं वीज आल्यावर पांच मिनिटें थांबून दिव्यांचा खटका एकदांच बंद करून पुन्हां चालू करावा. एकदांच, वर सांगितलेलें विसरूं नये.

आतां लहरींविषयीं थोडेंसें. वाय-फायचे बहुतेक दिवे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच बोलतात, मोबाईल बहुधा ५ च्या पट्ट्यावर असतो. पहिल्याची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची त्याच्या निम्म्याहून कमी. भिंतींतून पहिली बरी जाते. पण त्याच पट्ट्यांत गर्दीही फार. शेजाऱ्यांचीं जाळीं, ब्लूटूथ, आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह, जो २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. दूध तापवितांना जेवणघरांतला दिवा दाद देईनासा होतो, ही नोंद वहींत चार वेळां आहे. डब्याच्या मांडणींत सोय असेल तर या पट्ट्याची वाट १, ६ किंवा ११ यांपैकीं सर्वांत कमी गर्दीची निवडून कायम करावी व रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. कांहीं डबे रात्रीं आपल्या मनानें वाट बदलतात. तें बंद करतां आलें तर अवश्य करावें. माडीवरचा डबा आमच्या पुतण्यानें शोभेसाठीं लोखंडी कपाटामागें दडविला होता. तो कपाटावर काढून ठेवतांच दोन दिव्यांची तक्रार मिटली.

दिव्यांसाठीं २.४ पुरतें वेगळें नांव देतां येत असेल तर द्यावें. त्यास कुलूप जुन्या डब्ल्यूपीए २ पद्धतीचें असावें. २०१८ सालीं जाहीर झालेली डब्ल्यूपीए ३ पद्धत अधिक सुरक्षित खरी, पण कित्येक दिव्यांस ती उमजत नाहीं. आणि राउटर बदलण्याचा प्रसंग आल्यास नव्यास जुनेंच नांव व जुनाच परवलीचा शब्द द्यावा. आमचे अकरा दिवे अकरा शिड्या न चढतां नव्या जाळ्यांत आले असते, पण ही युक्ति आम्हांस उशिरां कळली.

झिग्बी जातीच्या दिव्यांची रीत वेगळी. ते वाय-फायशीं न बोलतां स्वतःचें जाळें विणतात आणि प्रत्येक दिवा पलीकडच्याचा निरोप पुढें पोंचवितो. म्हणून मधला एक दिवा भिंतीवरून बंद केला तर त्याच्या पलीकडचे, स्वतः निर्दोष असूनही, मुके होतात. तेथें दोष शोधतांना रुसलेल्याकडे न पाहतां त्याच्या शेजाऱ्याकडे पाहावें.

इतकें झाल्यावर गेल्या दोन महिन्यांत वहींत एकच नोंद पडली आहे. तरीही बोळांतला तो दिवा आम्ही काढून टाकला. त्या जागीं चाहूल घेणारा डोळा ज्याच्या स्वतःच्याच अंगांत आहे, असा साधा दिवा बसविला. त्यास जाळें नको, राउटर नको, मोबाईलही नको. वीज गेल्यास असावा म्हणून त्याखालीं बॅटरीचा एक छोटा दिवाही ठेवला आहे. म्हाताऱ्या माणसाचें पाऊल ज्या उजेडावर पडावयाचें, तो तीन डब्यांच्या मर्जीवर ठेवण्यास आमचें मन आतां धजत नाहीं. मातोश्रींनीं नवा दिवा पाहून “हा कोणाचें ऐकतो?” एवढेंच विचारलें. कोणाचेंच नाहीं, असें सांगतांच त्यांनीं समाधानानें मान हलविली. त्यांचें मनगट आतां बरें आहे. पोळी लाटतांना मात्र अजून दुखतें.

इन्व्हर्टरच्या बॅटरींत पाणी केव्हां व किती घालावें, याविषयीं पुढील अंकीं लिहूं.