थंडीची वाट बघणारं घर

ह्यूस्टनहून ऑटवाला येताना मी मुलांना थंडीची फार भीती घातली होती. हे २०२२ च्या उन्हाळ्यातलं. मुलगी सहाची, मुलगा चारचा. मोजा घातला नाही तर बोटं गळून पडतील, टोपी काढली तर कान जातील, असं काहीबाही मी सांगत सुटले होते. ते सगळं माझ्याच धास्तीतून येत होतं. मी साताऱ्याची. थंडी म्हणजे आमच्या लेखी पहाटेची शेकोटी आणि दुपारी पुन्हा ऊन. उणे वीस म्हणजे काय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

नवा देश पहिल्यांदा कळला तो दुधाच्या पिशवीतून. ऑन्टॅरिओत चार लिटर दूध तीन पिशव्यांतून मिळतं. एकेक पिशवी जगमध्ये उभी ठेवायची आणि कोपरा कापून ओतायचं. गॅलनचे कॅन बघत वाढलेली माझी लेक दुकानात थबकलीच. घरी मी कात्रीनं कोपरा कापला, तुकडा पिशवीलाच लटकता ठेवला. तो सुटू द्यायचा नाही, ही माझ्या आईची शिकवण. "आई, तुला हे आधीपासून येतं?" तिनं डोळे मोठे करून विचारलं. मग शाळेत 'झी'चं 'झेड' झालं, मैलांचे किलोमीटर झाले, आणि प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बघायची. तिच्यासाठी हे सगळं नवीन होतं आणि माझ्यासाठी लहानपणचं. त्या धीरावरच आमचे पहिले दोन महिने निभावले.

सेल्सियसनं मात्र घोटाळा केला. ह्यूस्टनला तीस म्हणजे पाणी गोठवणारी थंडी, इथे तीस म्हणजे घामाच्या धारा. धाकट्याला 'शून्याखाली' म्हणजे काय ते कळेना. मग नोव्हेंबरात एका रात्री आम्ही वाटीभर पाणी गॅलरीत ठेवलं. सकाळी त्यानं वाटी उपडी केली आणि बर्फाची चकती हातात घेऊन घरभर नाचला. त्या दिवसापासून तो उठल्या उठल्या 'आज शून्याच्या वर की खाली?' असं विचारतो.

आणि कपडे! ही विद्या मुलांना शाळेनं दिली. किंडरगार्टनच्या दाराशी मी वाकून वाकून धाकट्याचे हात कोटात कोंबत होते, तेव्हा त्याच्या बाईंनी मला हळूच थांबवलं. त्यांनी कोट जमिनीवर उलगडून पसरला, टोपीची बाजू त्याच्या पायांशी. तो वाकला, दोन्ही हात बाह्यांत घातले आणि एका झटक्यात कोट डोक्यावरून मागे टाकला. झालं! चार वर्षांचं पोर स्वतःच्या हातानं कोट घालून उभं. क्रमही ठरलेला: आधी बर्फाची विजार, मग बूट, टोपी, कोट आणि सगळ्यांत शेवटी हातमोजे. कारण एकदा ते चढले की चेन ओढता येत नाही. हातमोजेही अंगठा वेगळा आणि चार बोटं एका खोळीत असे. बोटं एकमेकांना ऊब देतात. इतक्या लहानग्यांवर एवढा विश्वास टाकणं मला जमलं नसतं. हे त्या बाईंनी केलं आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

अडचण आली ती मफलरची. साताऱ्याहून आजीनं दोघांसाठी लोकरीचे लांब मफलर विणून पाठवले होते. शाळेतून निरोप आला, लोंबता मफलर नको, घसरगुंडीत अडकून फास बसू शकतो. फोनवर आजी हिरमुसली. "अगं, मग दोन्ही टोकं शिवून टाक की!" शेवटी तीच म्हणाली. मी मफलर कापला, टोकं जोडली, त्याचं गोल कडं झालं. ते आजही धाकट्याच्या गळ्यात असतं.

इथला रिडो कालवा गोठला की शहराच्या मधोमध पावणेआठ किलोमीटरची स्केटिंगची वाट होते. पण त्या आमच्या पहिल्याच हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड झाला नाही आणि १९७०–७१ पासून चालत आलेल्या या रिवाजात पहिल्यांदाच कालवा एकही दिवस उघडला नाही. बोटं गळतील म्हणून ज्यांना मी भेदरवलं, तीच मुलं काठावर उभी राहून लाल झेंड्याकडे बघत होती. मला फार वाईट वाटलं. ह्यांच्या वाट्याला ही थंडी किती उरणार, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही. आता आम्ही सगळेच शून्याखालच्या आकड्याची वाट बघतो.

२०२४ च्या जानेवारीत थोडासा पट्टा खुला झाला. हिरवा झेंडा बघताच मुलांनी मला ओढत नेलं. धाकटा आधाराची चौकट ढकलत चालला होता. लेकीला मी सांगत होते की हा कालवा १८२६ ते १८३२ मध्ये कर्नल बाय यांच्या देखरेखीखाली खोदला, अमेरिकेनं हल्ला केला तर सैन्याला सीमेपासून दूरची वाट असावी म्हणून. आणि तो खोदताना किती मजूर मलेरियानं गेले. ती थांबली. तिचा जन्म ह्यूस्टनचा.

"म्हणजे आम्हाला घाबरून?"

"हो."

तिनं खाली बर्फाकडे बघितलं, भावाच्या गळ्यातलं कडं नाकापर्यंत वर सरकवलं, आणि त्याची चौकट धरून दोघं पुढे निघाली.